सर आमच्याकडे राहिले ते तीन महिने

माझ्या सासऱ्यांना मी 'सर' म्हणायची, यावरून आमच्या लग्नात मानपानापेक्षा जास्त चर्चा झाली. मामंजी म्हण, पप्पा म्हण, निदान आबा तरी म्हण, असं सासूबाईंनी दहादा सांगून बघितलं. पण कॉलेजात असताना ग्राउंडच्या कडेला डबा खात बसलेल्या आम्हा मुलींवर ज्या माणसानं "ए, उठा तिथनं, कॉर्नरची जागा हाय ती!" म्हणून शिट्टी फुंकलेली, त्याला चार अक्षता पडल्या म्हणून एकदम पप्पा कसं म्हणणार? आणि कोल्हापुरात ते सगळ्यांचेच सर होते. भाजीवाली सर म्हणायची, रिक्षावाला सर म्हणायचा, आणि तालमीतली जी पोरं सख्ख्या बापाला जुमानायची नाहीत तीसुद्धा सर दिसले की सिगारेट पाठीमागं लपवायची. एकतीस वर्षं ते आमच्या कॉलेजचे जिमखाना सर होते. कॉलेजच्या फुटबॉलला कोच लागतो, ही गोष्टच त्यांच्याआधी तिथं कुणाच्या डोक्यात आलेली नव्हती.

लग्न झालं आणि मी स्टुटगार्टला आले. अभिजित, माझा नवरा, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होता. घर चढावरच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. माझ्या पासपोर्टात व्हिसाच्या खाली एक जर्मन ओळ छापलेली होती: नोकरी करण्यास परवानगी नाही. अभिजितनं अर्थ सांगितला तेव्हा मी हसले होते. म्हटलं, चला, आराम. चार महिन्यांत तो आराम नाकातोंडात जायला लागला. सकाळी पावणेसातला अभिजितच्या बुटांचा आवाज जिन्यावरून खाली जायचा, खालचं दार धाडकन लागायचं, आणि मग संध्याकाळी साडेसहापर्यंत चर्चच्या घंटेशिवाय कुणी माझ्याशी बोलायचं नाही. ती मात्र दर पंधरा मिनिटांनी बोलायची, मेली. दुपारी एक ते तीन शांतता पाळायची. एकदा दीड वाजता मी मिक्सरवर शेंगदाण्याचं कूट केलं, तर खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ केलरनी, म्हणजे केलरबाईंनी, सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लिहून दाराला चिकटवली. फोडणी द्यायची तर आधी खिडक्या उघडायच्या, दिल्यावर बंद करायच्या, कोट कपाटात ठेवायचे. आईला कार्डावरून फोन लावायचा आणि "मस्त चाललंय गं" म्हणायचं. रसायनशास्त्रात पहिल्या वर्गात पास झालेली मी, घरात कुठल्या खिडकीत किती वाजता ऊन येतं हे पाठ करून बसले होते.

त्या उन्हाळ्यात विद्यापीठाचं पत्र आलं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, इंग्रजीतून, आणि मला प्रवेश मिळाला होता. अर्ज मी अभिजितला सांगूनच केला होता. त्याला वाटलं असणार, कुठं मिळतोय. सप्टेंबरअखेर स्वतः जाऊन नाव नोंदवायचं, नाही नोंदवलं तर जागा गेली. पत्र त्यानं दोनदा वाचलं, नीट घडी घातली आणि कागदपत्रांच्या फाइलमध्ये लावून टाकलं. "पप्पा येतायत ना," तो म्हणाला. "ते असताना तू दिवसभर बाहेर कशी राहणार? पुढच्या वर्षी बघू." सासूबाई जानेवारीत गेल्या होत्या, सरांच्या हृदयात स्टेंट बसवली होती, आणि त्यांना एकटं ठेवायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं. कोण काय बोलणार? मी पण नाही बोलले. आजची मी असते तर तिथल्या तिथं दोन शब्द सुनावले असते, पण आजची मी तेव्हा नव्हते ना.

सर आले ते दोन किलो कांदा-लसूण चटणी आणि तीन महिन्यांचा व्हिसा घेऊन. पहिले आठ दिवस ते दिवाणखान्यात खुर्चीवर कोट घालून बसायचे, कुणी भेटायला येणार असल्यासारखे. मग हळूहळू बाल्कनीत सरकले. आमच्या बाल्कनीतून खाली उतारावर एक मैदान दिसायचं, आणि तिथं चार वाजता पोरापोरींची प्रॅक्टिस सुरू व्हायची. दोन वर्षांनी वर्ल्डकप तिथंच व्हायचा होता, त्यामुळं बेकरीच्या कागदी पिशवीवरसुद्धा बॉल छापलेला. सर कठड्याला धरून उभे राहायचे आणि तिसऱ्या मजल्यावरून कोल्हापुरीत सूचना द्यायचे. "अरं, मागं बघ की जरा! मोकळा हाय न्हवं तो!" मी चहा घेऊन गेले की मला सांगायचे, "सहा नंबर चांगलाय गं, पण बॉल सोडवत नाय त्याला. जेवताना पण ताट धरून बसत असंल." पण सव्वासहा झाले, अभिजितची गाडी वळणावर दिसली, की मध्येच हाफ टाकून आत यायचे आणि मासिक उघडून बसायचे. आमच्या घरात फुटबॉल हा शब्द उच्चारायचा नाही, हे कुणी कधी सांगितलेलं नव्हतं, पण होतं. टीव्हीवर मॅच लागली की अभिजित चॅनेल बदलायचा. बापलेकांचं बोलणं म्हणजे "गोळी घेतली?" "घेतली." संपलं.

म्हणून सरांचं सगळं आयुष्य मी ऐकलं ते दुपारी एक ते तीनच्या शांततेत, स्वयंपाकघराच्या छोट्या टेबलाशी, दबक्या आवाजात. ते नोकरीला लागले ते व्यायाम शिकवायला. प्राचार्यांनी जाता जाता सांगितलं, "फुटबॉलचं पण बघा जरा." टीम म्हणजे दोन तालमींची अकरा पोरं, आणि त्या दोन्ही तालमी एकमेकींच्या गल्लीतनं बारशालासुद्धा न जाणाऱ्या. गोल हुकला तर हुकू दे, पण त्या पेठेतल्या पोराला पास द्यायचा नाही. पहिल्या मॅचला सात गोल खाल्ले. सरांनी बॉल जिमखान्याच्या कपाटात कुलूप लावून ठेवला, तीन आठवडे. रोज पहाटे पोरांना पळवायचे आणि मग डबे काढायला लावायचे. नियम एकच: आपला डबा आपण उघडायचा नाही, समोरच्या पेठेतल्या पोराच्या हातात द्यायचा आणि त्याचा आपण खायचा. दोन दिवस अकराच्या अकरा उपाशी गेले. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी आईनं खर्डा आणि दही दिलं होतं, त्याच्या वासानं एक जण फुटला. "दुसऱ्याच्या आईच्या हातचं खाल्लं की त्याच्या नडगीवर लाथ घालताना पाय जरा अडखळतो," सर म्हणाले. तिसऱ्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन कप कॉलेजला आला. शहरभर मिरवणूक, गुलाल, पोरांनी सरांना खांद्यावर घेतलं, आणि यांचं लक्ष सगळं आपल्या नव्या शर्टाकडं. हे सांगताना ते इतके खुलायचे, की मी भाजी निवडायची थांबायची.

त्यांची आणखी एक पद्धत होती, आणि ती अख्ख्या शहराला ठाऊक होती. मॅचच्या दिवशी सकाळी पॅव्हेलियनच्या पायरीवर उभं राहून ते अकरा नावं वाचायचे. ज्याचं नाव आलं नाही त्यानं पाण्याची बादली उचलायची. का म्हणून विचारायचं नाही. एकतीस वर्षांत त्यांनी एकालाही कारण सांगितलं नाही. आणि एका वर्षी फायनलच्या सकाळी त्यांनी स्वतःच्या मुलाचं नाव वाचलं नाही. अभिजित त्या टीमचा सगळ्यात चांगला फॉरवर्ड होता. कॉलेज एक शून्यनं जिंकलं. पेपरात आलं, सत्कार झाले, पोटच्या पोरालाही सोडत नाही असा माणूस म्हणून सरांचं नाव झालं ते कायमचं. मीही ती गोष्ट ऐकतच वाढले होते. अभिजित मला बघायला आला तेव्हा पोह्यांची बशी पुढं करत मीच मोठ्या कौतुकानं म्हटलं होतं, "तुमच्या वडिलांची ती फायनलची गोष्ट आम्हाला फार आवडते." त्यानं बशी तशीच खाली ठेवली. मला वाटलं, पोह्यांत मीठ जास्त झालं. केवढी बावळट होते मी!

नाव नोंदवायचा शेवटचा आठवडा उजाडला. बुधवारी दुपारी मी कोथिंबीर निवडत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, थांबेच ना. सर समोर बसलेले. त्यांनी कांदा आहे का बघितलं, कांदा नव्हता. "काय झालं गं?" म्हणाले. मी काही नाही म्हटलं. त्यांनी परत विचारलं, त्या ग्राउंडवरच्या आवाजात, आणि मग मी सगळं सांगून टाकलं. पत्र, प्रवेश, शुक्रवार शेवटचा दिवस. त्यांच्यामुळं राहिलं हे तेवढं गिळलं. पण ते काय दुधखुळे होते?

"माझ्यापायी थांबलीस तू?"

"तसं नाही सर. पुढच्या वर्षी करीन की."

"पुढच्या वर्षी म्हणणारी लई पोरं बघितली मी," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी ती टपरीवर दिसायची. उद्या जायचं. अभ्याला मी बघतो."

"आणि तुमच्याजवळ कोण?"

"मी काय अंगणवाडीतलं पोर हाय व्हय गं?"

गुरुवारी अभिजितची गाडी वळणाआड गेल्यावर मी फाइल काढली, पासपोर्ट घेतला, गोळ्या वाटीत काढून ठेवल्या, डाळ-तांदूळ कुकरला लावून ठेवले आणि सरांना शेगडीचं बटण दाखवलं: अकराला इथं फिरवा, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा. मी दाराबाहेर पडले तेव्हा जिना उतरताना दोनदा थांबले. नवऱ्याला न सांगता एस-बानमध्ये, तिथल्या लोकलमध्ये, बसले, एवढंच काय ते मी करत होते. पण चोरी करून पळाल्यासारखं वाटत होतं. विद्यापीठाच्या कचेरीत लांब रांग. माझा नंबर आला, बाईंनी कागद उलटसुलट केले, आणि विमा कंपनीचं एक प्रमाणपत्र नाही म्हणाल्या. आल्झो, म्हणजे आपलं 'बरं तर', ते आणा, मग नोंदवते. विम्याचं ऑफिस गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथं पोहोचले, कागद मिळाला, परत आले तर बारा वाजून गेलेले आणि दार बंद. उद्या साडेआठ ते बारा, शेवटचा दिवस, असं दारावर लिहिलेलं. उद्या परत पळून यायचं? मी तिथल्या पायरीवर बसले आणि स्वतःलाच शिव्या दिल्या.

गल्लीच्या तोंडाशी आले तर आमच्या घरासमोर अग्निशमनची लाल गाडी, अ‍ॅम्ब्युलन्स, आणि मधोमध फुटपाथवर खुर्ची टाकून बसलेले सर. अंगात बनियन आणि पायजमा, खांद्यावर फ्राऊ केलरचं गुलाबी स्वेटर, हातात झाडू. ते धडधाकट आहेत हे दिसेपर्यंत मी काय काय नवस बोलले, देवालाच ठाऊक.

झालं होतं असं. आमच्या इमारतीत जिना झाडायची पाळी असायची. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी अडकवलेली, आणि त्या आठवड्यात पाटी आमच्या दारावर होती. सरांना वाटलं, पोरीचं तेवढंच एक काम कमी करावं. कुकरखालचं बटण फिरवलं, झाडू घेतला आणि जिन्यात आले. आमच्याकडं कोल्हापुरात दार नुसतं ओढून घेतात, दिवसभर शेजारीपाजारी ढकलून येतात-जातात. तिथलं दार वाऱ्यानं लागलं, की बाहेरून फक्त एक गोल मूठ, जी फिरतच नाही. किल्ली आत, कुकर आत. त्यांनी खाली जाऊन फ्राऊ केलरचं दार वाजवलं. जर्मन येत नाही, इंग्रजी ऐन वेळी सुचेना, म्हणून त्यांनी कुकर करून दाखवला: गाल फुगवले, डोळे मोठे केले, हात छातीशी आणून वर नेला आणि जोरात शूऽऽ केलं. फ्राऊ केलरनी बघितलं, साठी उलटलेला म्हातारा, अनवाणी, छातीला हात, धापा टाकतोय. त्यांनी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. डॉक्टर सरांना झोपवायला बघत होते आणि सर त्यांना ढकलत वर बोट दाखवत होते, तेवढ्यात वर कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला आणि जिन्यात धूर आला. मग लाल गाडी. आज ही हकीकत मी सांगते तेव्हा माणसं हसून लोळतात, मीही हसते. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

कारण सरांच्या शेजारी अभिजित उभा होता. फ्राऊ केलरनी त्याच्या ऑफिसात फोन केला होता. "कुठं होतीस?" त्यानं विचारलं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "यांना एकटं टाकून कुठं गेली होतीस तू?" डॉक्टर बघतायत, शेजारी खिडक्यांतून बघतायत. माझ्या हातातली फाइल त्यानं पाहिली. त्याला कळलं.

वर घरात डाळ छतापर्यंत उडालेली होती. करपल्याचा वास आणि उघड्या खिडक्या. सरांना खुर्चीवर बसवलं, ते उठले. "तिला मी पाठवलं," ते म्हणाले.

"का?" अभिजित त्यांच्याकडं वळला. "का पाठवलंत पप्पा? नाही, आज सांगाच. का?"

तो 'का' माझ्याबद्दलचा नव्हता, हे मला ओट्याशी उभ्या उभ्या समजलं. सरांनाही समजलं. त्यांनी झाडूकडं बघितलं. तो अजून हातातच होता.

"तिचं नाव आलं होतं, म्हणून पाठवलं," ते म्हणाले. "तुझं पण येत होतं. मी वाचलं नाय." आणि मग कोल्हापूरच्या सरांनी, माझ्या देखत, कारण सांगितलं. "लोक म्हणायचे, स्वतःच्या पोराला पुढं करतोय. तू खेळला असतास आणि आपण हरलो असतो, तर गावानं मला सोडलं नसतं. मी घाबरलो रे अभी. त्याला लोकांनी शिस्त म्हटलं, सत्कार केले. मी घेतले."

अभिजितनं भिंतीला पाठ टेकली. त्यानं फक्त एवढंच विचारलं, "मी खेळलो असतो तर जिंकलो असतो?"

"चार गोलनं," सर म्हणाले, आणि रडायला लागले. मी त्यांना रडताना तेव्हाच बघितलं, एकदाच. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा ते रडले नव्हते.

अभिजित त्यांच्याजवळ गेला नाही. पुस्तकात जातात, हा नाही गेला. तो स्वयंपाकघरात आला, बाह्या वर केल्या आणि करपलेला कुकर घासायला घेतला. तासभर घासत होता. मी स्टुलावर चढून छताची डाळ खरवडत होते. मध्येच पाठमोराच म्हणाला, "तुलाही मी... तू कॉलेजात जाशील, तुझं तुझं जग होईल, मग मी कोण, असं वाटायचं मला." मी खरवडायची थांबले. पप्पा येणार, पप्पांची तब्येत, पप्पांची औषधं. सगळी निमित्तं होती तर. मग त्यानं नळ बंद केला.

"किती वाजता उघडतं ते ऑफिस?"

"साडेआठला."

"मी रजा टाकतो. पप्पांजवळ मी थांबतो. तू जा."

आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटेल. दुसऱ्या दिवशी साडेआठला मी रांगेत पहिली होते, शिक्का बसला, विद्यार्थी म्हणून कार्ड मिळालं, पुढं त्याच शिक्षणावर आजवर नोकरी केली, हे सगळं खरं. सर आठवड्याभरानं कोल्हापूरला परतले, आणि जायच्या आधी ते दोघं एकदा त्या खालच्या मैदानावर फिरूनही आले, काय बोलले मी विचारलं नाही. पण त्या दुपारी स्टुलावर, केसांत वाळलेली डाळ घेऊन, मला आनंद झाला नव्हता. इतका राग आला, की हातातलं उलथनं खाली पडलं. तेरा महिने मी त्या तिसऱ्या मजल्यावर घंटा मोजत बसले होते. मला वाटायचं, कायदा आहे, व्हिसा आहे, सासऱ्यांचं हृदय आहे, या सगळ्यातून बाहेर पडायला केवढं काय काय लागणार. आणि लागली त्याची एका दिवसाची रजा.

मी त्याला थँक्यू म्हटलं नाही. बावीस वर्षं होत आली, अजून म्हटलेलं नाही.